रंगाआधीचा चिखल

जयपूरहून अजमेरच्या रस्त्याने सुमारे ३० किलोमीटर गेले की बगरू हे गाव लागते. लाकडी ठशांच्या छपाईसाठी त्याची देशोदेशी ख्याती आहे. तेथील छिपा मोहल्ल्यात शिरताच दृष्टीस पडतात ती उन्हात पसरलेली कापडे, आणि कानी येतो तो ठशावर पडणाऱ्या मुठीचा ठोका. हिरड्याच्या पाण्यातून काढलेले कापड पिवळसर झालेले असते. लोखंडाचे तुकडे व गूळ आंबवून केलेला काळा रंग आणि तुरटीच्या साहाय्याने उठणारा तांबडा रंग, असे दोन रंग त्यावर उमटविले जातात. परंतु नवख्या पाहुण्यास खरे नवल वाटते ते त्यापुढील कृतीचे. इतक्या निगुतीने छापलेल्या कापडावर कारागीर चक्क चिखल लावतो!

या चिखलाला तेथे 'दाबू' म्हणतात. तळ्याची काळी माती, चुना, डिंक आणि किडीने पोखरलेल्या गव्हाचे पीठ एकत्र कालवून तो तयार करतात. ठशाने तो कापडावर लावतात, वर लाकडाचा भुसा भुरभुरतात आणि कापड उन्हात वाळवितात. मग ते नीळीच्या हौदात बुडवितात. जेथे दाबू आहे तेथे नीळ पोहोचत नाही. पुढे कापड धुतले की चिखल वाहून जातो, आणि निळ्या भूमीवर मूळची नक्षी जशीच्या तशी प्रकट होते.

वाचकहो, या कृतीतील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दाबू लावण्याची वेळ एकच असते, आणि ती म्हणजे कापड हौदात जाण्यापूर्वीची. एकदा नीळ धाग्यात भिनली की नंतर कितीही चिखल थापला तरी त्याचा काही उपयोग नाही. आज आपणांपैकी पुष्कळांच्या घरी याच नियमाने जपावयाचे दुसरे एक कापड आहे. ते म्हणजे महाजालावरील आपले स्वतःचे पान. कोणी तेथे आपले लेख ठेवतो, कोणी आजीच्या पाककृती, तर कोणी आपल्या हातच्या मालाची छायाचित्रे. ते पान घुसखोरांपासून व नकोशा जाहिरातींच्या भडिमारापासून कसे राखावे, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

नावाची चोरी ही जुनीच

दुसऱ्याच्या लेखनात घुसण्याचा प्रकार संगणकाबरोबर जन्मास आला, असे मात्र समजू नये. राजस्थानातील छिपा समाजात पुष्कळ कुटुंबे संत नामदेवांना आपले मानतात. आपल्या पंढरीचा हा संत असा बगरूच्या अंगणापर्यंत पोहोचलेला आहे. अभंगाच्या शेवटी येणारे कवीचे नाव ही जुन्या काळची सहीच होय. परंतु ती सही कोणालाही करता येत असे. विष्णुदास नामा यांच्यासारख्या नंतरच्या कवींच्या रचना नामदेवांच्या गाथ्यात मिसळल्या, आणि कोणता नामा कोणता हे ठरविताना अभ्यासकांना आजही श्रम पडतात. त्या कवींच्या मनात कपट होते असे नव्हे. परंतु सहीला संरक्षण नसले की काय होते, हे यावरून कळते.

याच नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी तो ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा पदांना क्रमांक व बेरजेचे आकडे घालण्याची पद्धत ठेवली. मध्येच कोणी एखादे पद घुसडले तर बेरीज चुकते व चोरी उघडकीस येते. त्यापूर्वी २० वर्षे, म्हणजे १५८४ मध्ये, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली आणि तीत कोणी आपली ओवी मिसळू नये असे बजावून ठेवले. लेखन जपण्याचे शास्त्र आपल्याकडे असे जुने आहे. साधने तेवढी बदलली आहेत.

आपल्याच दारी कोण येणार?

समजा, बगरूतील एका छिपा कुटुंबातील मुलीने असे एक पान चालविले आहे. आजोबांच्या पेटीतील एकेका जुन्या ठशाचे छायाचित्र ती तेथे ठेवते व त्याची हकीकत लिहिते. ते वाचून दूरदूरची गिऱ्हाइके कापड मागवितात. एके दिवशी सकाळी ती पान उघडते, तो तेथे भलत्याच औषधांच्या जाहिराती! तिचा परवलीचा शब्द चालत नाही. इकडे गिऱ्हाइकांना तिच्याच नावाने निरोप गेले आहेत की, आगाऊ रक्कम अमुक नव्या खात्यात भरावी. आजोबांच्या ठशांची हकीकत तर गेलीच. परंतु त्याहून मोठी हानी म्हणजे घराण्याचा शब्द गेला. पैसे भरलेल्या गिऱ्हाइकास 'ते आम्ही नव्हतो' हे पटवावयाचे कसे?

"आम्ही साधी माणसे, आमच्या पानावर चोरण्यासारखे आहे तरी काय?" असे पुष्कळांना वाटते. येथेच त्यांची फसगत होते. बहुतेक वेळा हॅकर आपले नाव पाहून येत नाही. तो एक यांत्रिक कार्यक्रम सोडून देतो. तो कार्यक्रम रात्रंदिवस लक्षावधी दारांच्या कड्या हलवून पाहतो आणि जे दार उघडे सापडेल तेथे शिरतो. त्याला आपला मजकूर नको असतो. आपली जागा, आपला संगणक आणि आपले नाव एवढेच हवे असते. त्या जागेवरून तो जाहिराती लावतो, बनावट पाने उभी करतो आणि हजारोंना फसवी पत्रे धाडतो. नाव जितके साधे व विश्वासाचे, तितके ते त्याच्या उपयोगाचे.

बगरूच्या कारागिरांना हा अनुभव निराळ्या रूपाने परिचित आहे. यंत्रावर छापलेले कापड 'बगरूचे' म्हणून बाजारात विकले जाते. अशा नक्कलीला आळा बसावा म्हणून बगरूच्या ठसेछपाईस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. नावाला किंमत असते, म्हणून नावाची चोरी होते.

किल्लीचा विचार

संगणकावर परवलीचा शब्द प्रथम आला तो १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत. एकाच यंत्रावर अनेक जण काम करीत, तेव्हा प्रत्येकाचे कागद निराळे राहावेत हा त्यामागील हेतू होता. गंमत अशी की, १९६२ मध्ये तेथीलच एका संशोधकास यंत्रावर अधिक वेळ हवा होता, म्हणून त्याने सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच छापून काढली! किल्ली आणि किल्लीची चोरी ही अशी जवळजवळ जुळी भावंडे आहेत.

किल्लीविषयी तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली गोष्ट लांबीची. नोव्हेंबर १९८८ मध्ये एका विद्यार्थ्याने सोडलेल्या कार्यक्रमाने अमेरिकेतील हजारो संगणक अडविले. त्याच्या अनेक युक्त्यांपैकी एक अगदी साधी होती: लोक नेहमी वापरतात अशा शब्दांची यादी एकामागून एक लावून पाहणे. मुलाचे नाव, जन्मसाल, कुलदैवत, दूरध्वनी क्रमांक हे सारे अशा याद्यांत बसते किंवा सहज ताडता येते. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द निवडून त्यांची माळ करावी. ती आपणांस लक्षात राहते व यंत्राला ओळखणे जड जाते. दर महिन्याला शब्द बदला, एक चिन्ह व एक आकडा घालाच, असा आग्रह पूर्वी धरला जाई. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेने २०१७ मध्ये ते धोरण सोडले आणि लांबीवर भर दिला. सक्तीने बदलावयास लावले की माणूस जुन्याच शब्दापुढे नवा आकडा जोडतो, असा अनुभव आला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे एक किल्ली एकाच कुलपाला. एका दुकानाच्या नोंदींतून चोरलेला परवलीचा शब्द चोर लगेच दुसऱ्या शंभर ठिकाणी लावून पाहतात. इतके शब्द लक्षात कसे राहणार, असे आपण विचाराल. किल्ल्या सांभाळणारे विश्वासू संगणकीय कार्यक्रम मिळतात, ते वापरावेत. ते जमत नसेल, तर घरच्या कपाटात कुलपाआड ठेवलेली वही बरी. सर्वत्र एकच शब्द वापरण्यापेक्षा ती शतपटीने सुरक्षित आहे, कारण परदेशी बसलेल्या चोराचा हात आपल्या कपाटापर्यंत पोहोचत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच आपण विसरतो. आपल्या ईमेलची किल्ली ही सर्व किल्ल्यांची किल्ली होय. 'परवलीचा शब्द विसरलो' असे कोठेही कळविले की नवा शब्द ठरविण्याचा दुवा ईमेलवर येतो. ज्याच्या हाती ईमेल, त्याच्या हाती आपले सारे घर. म्हणून पहिला भक्कम शब्द तेथे लावावा.

दुहेरी दाबू

निळ्या रंगाच्या फिक्या व गडद अशा दोन छटा हव्या असतील, तेव्हा बगरूचा कारागीर पहिल्या बुडवणीनंतर पुन्हा दाबू लावतो. आपणही दुसरा थर द्यावा. परवलीच्या शब्दानंतर आणखी एक खूण मागण्याची सोय आता बहुतेक सर्व खात्यांत असते. बँकेच्या व्यवहारांत येणाऱ्या ओटीपीमुळे ही पद्धत आपणांस परिचितच आहे. रिझर्व्ह बँकेने महाजालावरील कार्डव्यवहारांना अशी दुसरी खूण २००९ मध्ये सक्तीची केली. हीच सोय ईमेल व आपल्या पानाच्या खात्यासही लावून घ्यावी. मग चोराने शब्द मिळविला तरी दुसऱ्या कडीपाशी तो अडतो. मात्र ही कडी आतून आपणच काढून देऊ नये. बँकेचा माणूस म्हणून, पोलीस म्हणून किंवा मदतनीस म्हणून कोणीही ओटीपी विचारला तरी तो सांगू नये. खऱ्या अधिकाऱ्यास त्याची कधीच गरज पडत नाही.

भिंतीतील चिरा

वाळलेल्या दाबूला बारीक चिरा पडल्या की त्यांतून नीळ शिरते व कापडावर नाजूक रेषा उमटतात. कापडावर त्या शोभतात. आपल्या संगणकात शिरलेली चीर मात्र शोभत नाही. ज्या कार्यक्रमांवर आपले पान व आपला फोन चालतो, त्यांत दोष सापडत असतात आणि ते करणाऱ्या संस्था दुरुस्त्या पाठवीत असतात. आपण मात्र 'उद्या पाहू' म्हणून त्या पुढे ढकलतो.

या 'उद्या'ची किंमत जगाने १२ मे २०१७ रोजी मोजली. 'वॉनाक्राय' नावाच्या कार्यक्रमाने सुमारे १५० देशांतील संगणक कुलूपबंद केले व सोडवणुकीसाठी खंडणी मागितली. ज्या चिरेतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्च रोजीच पाठविलेली होती. म्हणून दुरुस्त्या आपोआप बसतील अशी व्यवस्था करावी आणि न वापरातले जोडकार्यक्रम काढून टाकावेत. हौसेने लावलेली व नंतर विसरलेली लहान खिडकीच चोराला पुरते.

घरातील किल्ल्यांचाही हिशेब ठेवावा. पान उभारून देणारा पुतण्या, सुटीत मदत करणारी मैत्रीण, सोडून गेलेला नोकर यांच्यापाशी राहिलेले अधिकार वेळीच परत घ्यावेत. पानाच्या पत्त्याची नोंदणी बांधून देणाऱ्याच्या नावे नव्हे, तर आपल्या स्वतःच्या नावे असावी, आणि तिच्या नूतनीकरणाची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. मुदत टळून गेली, तर तोच पत्ता दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो.

न मागितलेली पत्रे

आता स्पॅमकडे वळू. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने आपल्या नव्या यंत्रांची जाहिरात सुमारे ४०० जणांना एकाच वेळी पाठविली. न मागितलेल्या जाहिरातपत्राचे हे पहिले उदाहरण मानले जाते. 'स्पॅम' हे नाव पुढे आले ते डबाबंद मांसाच्या एका प्रकारावरून. एका ब्रिटिश विनोदी प्रवेशात उपाहारगृहातील प्रत्येक पदार्थात तोच प्रकार येत राहतो व त्याच शब्दाच्या गजरात इतर सारे बोलणे बुडून जाते. पत्रपेटीचे तेच होते, हा अनुभव आपणा सर्वांना आहे.

या त्रासावर काही साधे उपाय आहेत. घरचा ईमेल आणि जगाला दाखवावयाचा ईमेल हे निराळे असावेत. पानावर निरोप स्वीकारण्याची जागा असेल, तर तेथे माणसाची परीक्षा ठेवावी. वेडीवाकडी अक्षरे किंवा चित्रे ओळखावयास लावणारी ही परीक्षा २००० च्या सुमारास पुढे आली. यंत्रे आता तीही पुष्कळदा सोडवितात, म्हणून ती कुंपण समजावी, तट नव्हे. अनोळखी निरोप आपण वाचल्यावाचून प्रसिद्ध होऊ देऊ नये. स्पॅमला उत्तर कधीही देऊ नये, रागाचेसुद्धा नाही. कारण उत्तर गेले की पत्ता जिवंत आहे हे पाठविणाऱ्याला कळते.

नुसती जाहिरात त्रास देते, परंतु फसवे पत्र लुटते. त्याची खूण म्हणजे घाई. 'आपले खाते आज बंद होणार', 'दोन तासांत कागद भरा', 'बक्षीस घ्या' असे ते सांगते. अशा पत्रातील दुव्यावर बोट ठेवू नये. आपल्या नेहमीच्या वाटेने त्या ठिकाणी जाऊन पाहावे. पत्त्यातील अक्षरे एकेक करून वाचावीत. एका अक्षराचा फरक हाच तेथे चोराचा वेष असतो. नकोशा व्यापारी दूरध्वनींची व संदेशांची तक्रार १९०९ या क्रमांकावर करता येते. फसवे संदेश कळविण्यासाठी दूरसंचार विभागाने मार्च २०२४ मध्ये 'संचार साथी' या संकेतस्थळावर 'चक्षु' ही सोय सुरू केली आहे.

दुसरी प्रत

इतके करूनही चोरी होऊ शकते. म्हणून शेवटचा आणि सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे प्रत. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या विध्वंसक कार्यक्रमाने मर्स्क या जगद्व्यापी नौवहन कंपनीचे संगणक पुसून टाकले. आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या धक्क्यावरील कामही त्यामुळे ठप्प झाले. कंपनीच्या जाळ्याची मूळ नोंद ठेवणारे संगणक जगभर एकमेकांच्या प्रती राखीत असत. पण सारे एकमेकांशी जोडलेले असल्याने सारेच एकदम पुसले गेले. वाचला तो एकटा आफ्रिकेतील घाना देशातला. तेथे ऐन वेळी वीज गेल्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता! त्या एका प्रतीवरून पुढे सारे पुन्हा उभारले गेले.

यातील बोध स्पष्ट आहे. प्रत असावी, आणि ती जोडलेली नसावी. आपल्या पानावरील लेख व छायाचित्रे दर महिन्याला एका वेगळ्या तबकडीवर उतरवून घ्यावीत, ती तबकडी सोडवून कपाटात ठेवावी, आणि शक्य तर आणखी एक प्रत दुसऱ्या गावी बहिणीकडे किंवा भावाकडे असू द्यावी. वर्षातून एकदा ती उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हेच.

चोरी झालीच तर

अशा वेळी घाबरू नये आणि लपवूही नये. प्रथम दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून ईमेलचा शब्द बदलावा, मग इतर खात्यांचे. सर्व यंत्रांवरून खाते बंद करण्याची आज्ञा द्यावी. दिसते त्याची छायाचित्रे पुराव्यासाठी ठेवावीत. आप्तांना व गिऱ्हाइकांना दुसऱ्या मार्गाने तत्काळ कळवावे, म्हणजे आणखी कोणी फसणार नाही. पैसे गेले असतील, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर दूरध्वनी करावा. पहिल्या काही तासांत रक्कम वाटेत अडविता येण्याची शक्यता अधिक असते. इतर तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर किंवा पोलीस ठाण्यात करता येते. दुसऱ्याचा परवलीचा शब्द कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क (इंग्रजी क्रमाने 'सी') प्रमाणे गुन्हा असून त्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. फसविले जाण्यात लाज नाही. गप्प राहण्यात मात्र दुसऱ्याचेही नुकसान आहे.

आता पुन्हा क्षणभर बगरूच्या त्या अंगणात जाऊ. दाबू लावणारा कारागीर घाईत नसतो. हौद समोर असतो, नीळ तयार असते. तरी चिखल पुरता वाळल्यावाचून तो कापड बुडवीत नाही. ती सावधगिरी भयापोटी आलेली नाही. आपल्या नक्षीवर त्याचे प्रेम आहे, म्हणून ती आली आहे. आपल्या पानावरही आपण काही नक्षी उमटविली आहे: कोणाची आठवण, कोणाची पाककृती, कोणाच्या हातचे काम. येत्या रविवारी तासभर काढावा. ईमेलचा शब्द बदलावा, दुसरी कडी लावावी आणि एक प्रत कपाटात ठेवावी. घरातील मुले व वडीलधारी माणसे यांनाही या कामी शेजारी बसवून घ्यावे. रंग चढण्याआधीची ही थोडी मेहनत आहे; ती केली की पुढे निश्चिंतपणे लिहावयास आपण मोकळे.